उन्हाळे नावाचं पाणी

काल सकाळी माझ्या नवऱ्याने, मिलिंदने, गीझरचं बटण बंद केलं आणि आमच्या घरात उन्हाळा सुरू झाला. कॅलेंडर काय म्हणतं ते म्हणो. दोह्यात उन्हाळा कॅलेंडरातून येत नाही, नळातून येतो. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी रोज थोडं थोडं तापत जातं आणि एके सकाळी निळ्या खुणेचा नळ सोडला की हात भाजतो. मग इथली घरं आपली युक्ती काढतात. गीझर बंद करायचा. त्याच्या पोटातलं पाणी घरातल्या एसीने निवतं आणि लाल खुणेच्या नळातून त्यातल्या त्यात गार पाणी येतं. पार ऑक्टोबरपर्यंत लाल म्हणजे गार आणि निळा म्हणजे गरम. नवा आलेला पाहुणा पहिल्या आंघोळीला बोंब मारतोच. ती ऐकून मग आम्ही त्याला हे समजावून सांगतो.

माझी आई या दिवसांना उलट्या नळांचे दिवस म्हणते.

मराठीत माणसाचं वय पावसाळ्यांनी मोजतात. 'तुझ्यापेक्षा चार पावसाळे जास्त पाहिलेत' असं कोणी म्हणालं की पुढे बोलायची सोय राहत नाही. इथे ते माप चालत नाही. एकोणीस वर्षांत मी अबू हमूरच्या आमच्या गल्लीत पाऊस पाहिला तो बोटांवर मोजण्याइतका, आणि त्यातल्या निम्म्या वेळा शाळेला सुट्टी दिली होती. तेव्हा मी आपली एकोणीस उन्हाळे पाहिलेली बाई आहे. हे मी तक्रारीच्या सुरात सांगत नाही. मला इथला उन्हाळा जमतो. सकाळी साडेपाचला गाडीचं स्टिअरिंग धरायला जुना हातमोजा लागतो, भाजीवाला कोथिंबीर फ्रीजमधून काढून देतो, आणि पार्किंगमध्ये सावलीची जागा मिळाली की दिवस चांगला जाणार असं वाटतं. इतकं कळलं की उन्हाळा झेपतो.

पण आम्हा राजापूरकडच्यांना या शब्दाचा दुसरा अर्थही ठाऊक असतो. जमिनीतून आपोआप कढत पाणी वर येतं त्या जागेला आमच्याकडे उन्हाळे म्हणतात. राजापूरजवळ नदीकाठी त्याच नावाचं गाव आहे. आईचं माहेर तिथून चालत जाण्याइतकं जवळ. भात झोडून झालं, अंग मोडून आलं, की त्या वाडीतल्या बायका ठरवून तिथे आंघोळीला जायच्या. मी सात-आठ वर्षांची असताना आई मला घेऊन गेली होती. वाफ, ओल्या दगडाचा वास, आणि एकीमागे एक बसलेल्या बायका, प्रत्येक बाई पुढचीची पाठ चोळते आहे. रांगेत शेवटची बसलेली आई, आणि तिची पाठ चोळायला मागे कोणी नाही म्हणून तिने मला हाताला धरून बसवलं. नारळाच्या सोडणाचा काथ्या माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "जोरात चोळ गो, भाकरी थापतंस काय?" माझ्या आयुष्यात मला मिळालेला तो पहिला व्यावसायिक सल्ला. पुढे मी फिजिओथेरपिस्ट झाले.

काल ते बटण बंद झालं आणि मला दोन वर्षांपूर्वीचा उन्हाळा आठवला. उन्हाळ्याचे दोन्ही अर्थ एका जागी भेटले तो.

त्याच्या आदल्या वर्षी आईचं ऑपरेशन झालं होतं. गाठ निघाली, डावा स्तन काढावा लागला. आजार वेळेवर सापडला, पुढचे रिपोर्ट चांगले आले, डॉक्टर खूश होते. बाबा जाऊन बरीच वर्षं झाली होती, म्हणून ती विश्रांतीसाठी माझ्याकडे आली. माझ्याकडे यायला दुसरंही कारण होतं. असल्या ऑपरेशननंतर खांदा आखडतो. हात रोज थोडा थोडा वर नेला नाही तर तो कायमचा अर्ध्यावर राहतो. आणि मी तर हेच काम करते. दिवसभर माझ्यासमोर खांदे येतात. ट्रक चालवणाऱ्यांचे, बँकेत बसणाऱ्यांचे, पायघोळ पांढऱ्या अरबी झग्याची बाही वर करून 'शुक्रन, दोख्तोरा' असे आभार मानणाऱ्या आजोबांचे. यल्ला, हात वर, आणखी थोडा, म्हणत मी ते सोडवते. मला वाटलं, आई म्हणजे सहा आठवड्यांचं काम.

पण आई मला खांदा दाखवायलाच तयार नव्हती. आंघोळीला गेली की आतून कडी लावायची. खट्ट. तो आवाज माझ्या डोक्यात जायचा. बाहेर यायची ती पुरे कपडे करून, जुन्या लुगड्याचा मऊ बोळा डाव्या बाजूला नीट बसवूनच. व्यायाम सांगितले की मान हलवायची आणि करायची नाही. "बघते गो मागाहून," म्हणायची. मी समजावलं, रागावले, तक्ते चिकटवले. एकदा चिडून म्हणाले, "अगं, मी परक्यांची अंगं हाताळते, आणि तू माझी आई असून लाजतेस?" ती म्हणाली, "परक्याचं काय, तो उद्या दिसत नाय. तुला रोज दिसणार मी." तिचा हात खांद्याच्या रेषेत येऊन थांबलेला होता आणि एकेक आठवडा हातून जात होता.

मिलिंद मेसईदला खताच्या कारखान्यात आहे. तिथे त्याच्याबरोबर मानोलो नावाचा एक स्पॅनिश इंजिनियर होता. त्याचं गाव ओरेन्से, स्पेनच्या वायव्य कोपऱ्यात, मिन्यो नदीच्या काठचं जुनं शहर. मिलिंदने एका रात्री जेवताना सांगितलं की मानोलोच्या गावात नदीकाठी गरम पाणी आपोआप वर येतं, तिथे उघडी कुंडं बांधली आहेत, आणि गावातली म्हातारी माणसं रोज त्यात बसून गप्पा मारतात. माझा घास हातातच राहिला.

"म्हणजे उन्हाळे आहेत तिथे," मी म्हणाले.

मिलिंद नाशिकचा. तो म्हणाला, "उन्हाळे तर असणारच. इथे काय कमी आहेत?"

"तो उन्हाळा नाही रे. उन्हाळे."

"किती उन्हाळे?"

आमची मुलगी इरा तेव्हा तेरा वर्षांची होती. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत येतं. ती म्हणाली, "मम्मा, व्हॉट आर यू गाईज ईव्हन टॉकिंग अबाउट?" तेवढ्यात इतका वेळ न बोललेली आई ताटावरून मान वर करून म्हणाली, "भुईतनं येतं ना कढत पाणी, ते गो. आमच्याकडे हाय तसं." आणि मग, "परदेशातपण असतात होय?" कित्येक महिन्यांत तिने आपणहून विचारलेला तो पहिला प्रश्न होता. मी त्याच आठवड्यात तिच्या डॉक्टरांना विचारून घेतलं. हाताला सूज नव्हती, तेव्हा कोमट कुंडात थोडा थोडा वेळ चालेल, फार कढत नको, असं ते म्हणाले. मिलिंदने रजा टाकली.

खरेदी मी आणि इराने केली. दोह्याच्या मॉलमध्ये एक सोय आहे, मनगटापासून घोट्यापर्यंत अंग झाकणारा पोहण्याचा पोशाख ढिगाने मिळतो. इराने काळा-जांभळा निवडला. आईने तो हातात धरून उलटसुलट पाहिला. "ह्यो घालून मी पाण्यात? टायरची ट्यूब दिसंन मी." पण बॅगेत ठेवू दिला. मला तेवढं पुरे होतं. आईला पाण्यात बसवून हात वर करवायचाच, असा माझा बेत पक्का होता. माझे बेत सहसा फसत नाहीत.

ओरेन्सेला उतरलो ती जुलैतली दुपार. हिरव्यागार डोंगरांमधून आगगाडी आली होती, मिलिंद वाटेत हवेचं कौतुक करत होता. स्टेशनबाहेर पाऊल टाकलं आणि अंगावर जी झळ आली ती थेट दोह्याची. हे शहर म्हणे खळग्यात वसलंय, त्या भागातला सगळ्यात जास्त उकाडा इथे, आणि मानोलोने नेमकं तेवढंच सांगितलं नव्हतं. आगीतून फुफाट्यात. हॉटेलात एसी घरघरत होता. आई हात-पाय धुवायला आत गेली, कडी लावली, खट्ट, आणि पाठोपाठ किंकाळी. उलट्या नळांच्या सवयीने तिने लाल नळ सोडला होता. स्पेनमध्ये लाल म्हणजे खरोखरच गरम. फार भाजलं नव्हतं, पण दाराबाहेर उभी राहून मी विचारत होते आणि आतून ती "काय नाय, काय नाय" म्हणत होती. कडी काही तिने काढली नाही.

संध्याकाळी, म्हणजे रात्री नऊच्या लख्ख उन्हात, आम्ही गावात फिरलो. जुन्या दगडी गल्ल्यांच्या मधोमध तिथलं मुख्य उन्हाळं आहे, बुर्गास म्हणतात त्याला. दगडी चौथऱ्यातून कढत पाणी वाफा सोडत पडतं आणि येणारी-जाणारी माणसं बोट लावून 'आह' करतात. आईने बोट लावलं, 'आह' केलं नाही. वाकून वास घेतला, थेंबभर जिभेवर घेतलं. "ह्यात तांदूळ टाकले तर शिजतील," असा निकाल दिला. मग म्हणाली, "पाणी आपलंच हाय." पुढे एका टपरीत लाकडी ताटलीत उकडलेला ऑक्टोपस आला, वर तेल आणि लाल तिखट. आईने पहिला तुकडा खाऊन सांगितलं, "थोरली माकूल. शिजवलीय बरी, पण आमसूल नाय घातलं." जुना रोमन पूल आम्ही पाहिला, मधे उंच कमान, खाली संथ हिरवी नदी. मिलिंदने त्याचे पन्नास फोटो काढले. आईला पुलापेक्षा त्याखाली कपडे धुवायचा दगड कुठे असेल याची उत्सुकता होती.

नदीकाठची कुंडं गावाबाहेर आहेत. झाडांची सावली, हिरवळ, दगडांनी बांधलेली तीन-चार टाकी, एक कढत, एक मध्यम, एक कोमट. तिथे सगळी गावची म्हातारी मंडळी. कोणाची पोटं लोंबणारी, कोणाच्या गुडघ्यांवर टाके, कोणाच्या पाठीवर चामखिळी, आणि कुणालाच त्याचं काही नाही. मी आणि इरा पाण्यात उतरलो. आई तो पोशाख घालून, वर ओढणी घेऊन, काठावरच्या बाकावर बसली. पहिला दिवस पाय सोडून बसली. दुसरा दिवस तसाच. मी पाण्यातून हाका मारत होते. ती म्हणे, "मी बघते हितनं." मला कारण कळत होतं. तो बोळा ओला झाला की फुगणार, सरकणार, आणि ओलं कापड अंगाला चिकटलं की सगळं दिसणार. तिसऱ्या दिवशी मी तिच्याशी भांडले. दबक्या आवाजात, मराठीत, म्हणजे स्पेनमध्ये मनसोक्त भांडता येतं. म्हणाले, "इतक्या लांब तुला बाकावर बसवायला आणलंय का? हात गेला तर परत येणार नाही, कळतंय का तुला?" ती नदीकडे बघत बसली. मिलिंद मला बाजूला घेऊन म्हणाला, "वैशाली, तू आईंना पेशंट करून टाकलंयस. त्यांना थोडं नुसतं बसू दे." मला राग आला, कारण तो बरोबर होता.

चौथ्या दिवशी मी तिला हाका मारणं सोडून दिलं. खाली मान घालून कोमट कुंडाच्या कोपऱ्यात बसले.

तेवढ्यात एक बाई आल्या. पंच्याहत्तरीच्या असतील, बुटक्या, पांढरे आखूड केस. रोज यायच्या, सगळे त्यांना मारुशा म्हणून हाक मारत. आईच्या कानाला ते पहिल्या दिवसापासून मावशी असंच ऐकू आलं होतं. त्या दिवशी मारुशा आईच्या बाकाशीच थांबल्या, टॉवेल टाकला, अंगावरचा झगा काढला. आत साधा निळा पोहण्याचा पोशाख. त्याची एक बाजू भरलेली आणि एक बाजू सपाट. तिथे काही भरलेलं नव्हतं, लपवलेलंही नव्हतं. काखेजवळून शिवणीसारखी एक फिकट रेघ बाहेर आली होती. आई बघत राहिली. मी पाण्यातून आईकडे बघत राहिले.

मारुशांनी पिशवीतून उन्हाचं मलम काढलं, आईच्या हातात ठेवलं, बाकावर टेकल्या आणि पाठ केली. काहीतरी म्हणाल्या. अर्थ उघड होता, पाठीला हात पोचत नाही, जरा लावून द्या.

आता ज्या बाईने जन्मभर बायकांच्या पाठी चोळल्या आहेत तिच्यापुढे कोणी पाठ केली तर ती काय करणार? आईने मलमाचा एक मोठा गोळा घेतला आणि मारुशांची पाठ चोळायला लागली. लावायला नव्हे, चोळायला. दोन्ही हातांनी, खालून वर, मानेपर्यंत, पार खांद्यावरून पलीकडे. मग नीट मळ निघावा म्हणून शेजारच्या कुंडातलं पाणी ओंजळीने घेऊन वरून ओतलं. मलम सगळं वाहून गेलं. मारुशा आधी दचकल्या, मग त्यांचे डोळे मिटले. शेजारच्या दोन म्हाताऱ्या हसायला लागल्या. इरा कपाळाला हात लावून म्हणाली, "आजी, दॅट्स सनस्क्रीन." आजी म्हणाली, "असूं दे. पाठ बघ कशी आखडलीय बिचारीची."

मी हसत नव्हते. मी मोजत होते. डावा हात उजव्याबरोबर वर जात होता. खांद्याच्या रेषेपाशी थांबला नाही. दुसऱ्याच्या मानेपर्यंत पोचायचं म्हणून तो गेला, वर, आणखी वर, मी तीन महिने जिथवर नेऊ शकले नव्हते तिथवर. आणि तिला ते माहीतही नव्हतं.

मग मारुशा उठल्या, आईला दंडाला धरून पाण्याकडे घेऊन चालल्या, आणि आता तुमची पाळी अशी खूण केली. आई थबकली. माझ्याकडे पाहिलं. मी मुद्दाम नदीकडे बघितलं. पुन्हा वळून पाहते तो आई आमच्या कापडी पिशवीत काहीतरी खोचत होती. नंतर पाहिलं तेव्हा तो बोळा त्यात घडी करून ठेवलेला होता. आई गळ्यापर्यंत पाण्यात बसली. मारुशांनी कापडावरूनच तिची पाठ चोळली. आई मराठीत बोलत होती, त्या त्यांच्या भाषेत, आणि दोघींचं एकमत होत होतं. मी पाण्यात तोंड बुडवून घेतलं, म्हणजे रडू कोणाला दिसू नये. नंतर बाहेर आल्यावर आई मला हळूच म्हणाली, "तिचाबी डावाच गो." बास. त्या विषयावर ती तेवढंच बोलली. उरलेले सगळे दिवस ती सकाळी आमच्या आधी तयार होऊन बसायची.

आता ती राजापूरला असते. स्वतःच्या हाताने वरच्या दांडीवर कपडे वाळत घालते, दर शनिवारी वाडीतल्या दोघी-तिघींना घेऊन उन्हाळ्याला जाते आणि फोनवर मला तिथल्या बायकांच्या खांद्यांचे रिपोर्ट देते. तिचे पेशंट माझ्यापेक्षा लवकर बरे होतात असं तिचं म्हणणं आहे. काल मी तिला गीझर बंद केल्याचं सांगितलं. म्हणाली, "मग आता लाल नळ हां. ध्यानात ठेव."

ध्यानात न ठेवण्याची पाळी खरं तर तिची होती. ओरेन्सेहून परतलो ती जुलैची अखेर, दोह्यात नळ उलटेच होते. पहिल्या सकाळी मी ओट्याशी चहा करत होते आणि बाथरूममधून आईची किंकाळी आली. इतके दिवस सरळ नळांची सवय झाली होती, तिने निळा सोडला होता. मी धावले. दाराशी पोचून, कडी असणार म्हणून, हात आपटायला उचलला. दार नुसतं लोटलं गेलं.

कडी लावलेलीच नव्हती.

आई पाटावर बसली होती, भाजलेला हात झटकत. अंगावर काही नव्हतं. मी ती खूण पहिल्यांदा पाहिली. काखेपासून छातीच्या मधोमध गेलेली, चांगली भरून आलेली, एका सरळ रेषेत. मला खांद्यातल्या प्रत्येक स्नायूचं नाव पाठ आहे. त्या क्षणी एकही आठवलं नाही.

"कडी लावली नाहीस?" मी विचारलं.

"नाय लावली," ती म्हणाली आणि माझ्याकडे पाठ केली. "आलीस तशी चोळ आता. आणि जोर लाव जरा, मावशी लावायची तसा."

मी निळा नळ बंद करून लाल सोडला, आणि तिच्यामागे बसले.